कोयत्यावरचं तांबं

गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत तात्यांचा फोटो लावलेला आहे. त्याला चंदनाचा हार, तोही प्लास्टिकचा, आणि खाली पाटी, 'आदर्श विज्ञान शिक्षक'. मध्यंतरी शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं तेव्हा मी त्या फोटोखालच्याच खुर्चीत बसून चहा प्यायले. चहा चांगला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "तात्यासरांबद्दल दोन शब्द बोला." मी म्हटलं, दोन शब्दांत भागायचं नाही. त्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. माझी सून म्हणते, आई, तुमच्या लिहिण्यात माणसांविषयी फार तुच्छता असते. असते. ज्यांनी ती स्वकष्टाने कमावली आहे त्यांनाच मी ती देते, वाटेवरच्या कुणाला उगाच देत नाही.

तात्या म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. आमचं घर बुरोंडीच्या पलीकडच्या एका गावात, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. पुढे रस्ता, मागे आगर, आगरापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळू. आगरात पोफळी दाट, मधूनमधून नारळ, आणि पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. उन्हाळाभर रहाटाची कुरकुर चालायची. पावसाळ्यात रहाट गप्प झाला की त्याची जागा समुद्राची गाज घ्यायची, आणि ती इतकी अखंड असायची की देवरूखची माझी मावशी आली आणि "हा कसला गो आवाज?" म्हणाली की आम्ही आधी इकडेतिकडे बघायचो. दोन भावांची वाटणी झालेली नव्हती, पण कामाची झाली होती. अण्णांनी राबायचं आणि तात्यांनी बोलायचं. तात्या पंचक्रोशीतले पहिले बी.एस्सी. ते कितव्या प्रयत्नात झाले हे विचारायची पद्धत नव्हती. गावच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, आणि घरात, वाटेवर, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीतही विज्ञानच सांगत. प्रत्येक वाक्याच्या आधी 'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द लावला की पुढे काहीही बोलता येतं, हा त्यांचा एकमेव शोध. पावसात बाजार बंद पडले की आमच्याकडे टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या, कुळथाचं पिठलं आणि बुरोंडीच्या कोळणींकडून उन्हाळ्यात घेऊन ठेवलेले सुके बोंबील. आईने बोंबील निखाऱ्यावर टाकले, त्यांचा तो खरपूस वास ओटीपर्यंत पोचला, की तात्या तिथून ओरडायचे, "शास्त्रीयदृष्ट्या भाजलेल्यापेक्षा तळलेला पचायला हलका!" आणि काकू मुकाट्याने तेलाची कढई चढवायची. असं कुठलं शास्त्र आहे हे मी नंतर जन्मभर शोधलं. मिळालं नाही.

आमच्याकडच्या हवेबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. खारी, दमट हवा. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, विहिरीवरचा साखळदंड, काकूच्या शिवणाच्या सुया, जे जे लोखंडाचं ते ते तांबूस. माती तांबडी, जांभा तांबडा, पावसात अंगणातून वाहणारं पाणी तांबडं. तांबडा हा आम्हाला रंगच वाटत नसे. वस्तूकडे लक्ष दिलं नाही की ती जशी होते तो रंग, एवढंच. दुसरीकडच्या माणसाने ही चूक केली नसती. आमच्याकडच्या बी.एस्सी. माणसाने केली.

दहावीत रसायनशास्त्रात 'ऑक्सिडीकरण व क्षपण' असं प्रकरण होतं. तात्यांनी ते शिकवलं म्हणजे घोकून घेतलं. "ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, ऑक्सिजन गेला की क्षपण," हे सगळ्या वर्गाने हात मागे बांधून म्हणायचं, आणि म्हणताना सुरात म्हणायचं, कारण इन्स्पेक्टर आल्यावर ते बरं दिसतं. त्या धड्याच्या शेवटी दोन ओळी होत्या, की इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण. त्या ओळींवर तात्यांनी सगळ्यांना पेन्सिलीने आडवी रेघ मारायला लावली. परीक्षेला येत नाहीत, म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मिळवूनही त्याला 'क्षपण', म्हणजे घट, का म्हणायचं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मग प्रयोग. प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. त्यातून तात्यांनी एक परीक्षानळी काढली, मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पाण्यात विरघळवलं, ते निळं पाणी सगळ्यांना लांबून दाखवलं आणि त्यात एक नवा खिळा सोडला. थोड्या वेळाने दोऱ्याने तो वर काढला तर तांबूस झालेला. तात्यांनी तो वर धरून वर्गभर फिरवला. "बघा. गंजला. हे ऑक्सिडीकरण."

मी उभी राहिले. "पण सर, पुस्तकात लिहिलंय की खिळ्यावर तांबं जमतं."

"पुस्तक पुण्याला छापतात," तात्या म्हणाले. "तिथे जमत असेल. आपल्या हवेत खिळा आधी गंजतो."

"मग पाण्याचा निळा रंग फिका का झाला?"

"पाणी जास्त पडलं म्हणून. बस खाली."

वर्ग हसला. वर्गाचं काय, वर्ग कुणीही मास्तर म्हणेल तिथे हसतो. संध्याकाळी घरी पंगतीत मी पुन्हा विचारलं, कारण शाळेत ते सर असले तरी घरात माझे तात्या होते आणि घरात विचारायला हरकत नसावी अशी माझी समजूत होती. म्हटलं, "तात्या, खिळ्याला ऑक्सिजन मिळाला तो कुठून?" ते म्हणाले, पाण्यातून. म्हटलं, "मग साध्या पाण्यात खिळा इतक्या लगेच का गंजत नाही?" तात्यांनी भात कालवणं थांबवलं, माझ्याकडे नाही तर अण्णांकडे बघितलं, आणि म्हणाले, "मुलींच्या डोक्यात क्षपण शिरत नाही. शास्त्रीयदृष्ट्या." अण्णांनी मान खाली घालून आमटी ओरपली. अण्णांचा मला त्या क्षणी रागच आला, आणि तो मी आज लपवत नाही. माणूस चांगला होता, पण थोरल्या भावापुढे त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

आता माझ्या जिवाला घोर होता तो एकच. दहावीचा निकाल लागला होता, मार्क चांगले होते, आणि मला अकरावीला सायन्स घेऊन रत्नागिरीला जायचं होतं. तिथे मुलींचं वसतिगृह होतं, कॉलेजात खरी प्रयोगशाळा होती, आणि कपाटाला कुलूप नसेल अशी माझी आशा होती. तात्यांचं म्हणणं, डी.एड. करावं, गावातच नोकरी, मग लग्न. "हिला सायन्स झेपायचं नाही. मी शिकवलंय हिला, मला माहीत." मला शिकवणाऱ्यालाच माझी परीक्षा घेता येत होती आणि निकालही तोच लावत होता. अण्णा रोज म्हणायचे, "दुसरी फवारणी होऊन जाऊ दे, मग बघू." तोवर प्रवेश चालू होते आणि दिवस सरत होते.

फवारणी म्हणजे काय ते सांगते. पावसात पोफळींना कोळेरोग येतो. कोवळी सुपारी सडते, तिच्यावर पांढरी बुरशी धरते आणि घडच्या घड खाली येतो. त्यासाठी मोरचूद आणि चुना यांचं आकाशी रंगाचं पाणी करून घडांवर फवारायचं, एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा मधल्या उघडिपीत. हे पाणी लाकडी पिंपात कालवायचं. आणि फवारायच्या आधी त्यात कोयता बुडवायचा ही आमच्याकडची रीत. अण्णा वाळूने लख्ख घासलेला कोयता पाण्यात धरून थोडा वेळ उभे राहायचे. पांढरा निघाला तर फवारणीला सुरुवात, तांबडा निघाला तर आणखी चुना. असं का, हे अण्णांना माहीत नव्हतं. आमच्या आजोबांनाही नसावं. पोफळींवर चढणारा धाकू म्हणायचा, कोयत्याला आगराची दृष्ट उतरते. तोही काही शहाणा नव्हता.

त्या वर्षी अण्णा ओढ्यावरच्या साकवाच्या शेवाळावरून घसरले आणि पायाला प्लास्टर घालून माजघरात पडले. उघडीप मिळाली तेव्हा फवारणी तात्यांच्या हाती गेली. ते धोतर खोचून आगरात उतरले आणि मला नेमकं त्याच दिवशी बाजूला बसावं लागलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत मुलीने मागल्या पडवीत पोत्यावर बसायचं, वेगळा तांब्या, वेगळं ताट, आणि आगरात पाऊल टाकायचं नाही. पिंप पडवीच्या समोरच, विहिरीच्या कठड्याशी मांडलं होतं. मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

चुना तात्यांनी गेल्या वर्षीच्या उघड्या पोत्यातला घेतला. अण्णा दर खेपेला ताज्या चुनकळ्या आणायचे. त्या पाण्यात टाकल्या की चर्र करून उकळी फुटायची, वाफ यायची, आम्ही पोरं लांब पळायचो. या चुन्याने हूं की चूं केलं नाही. पाणी गार ते गार. मी पडवीतून ओरडून सांगितलं, "तात्या, चुना मेलाय." तात्यांनी ऐकल्यासारखं केलंच नाही. माजघरातून अण्णांचा आवाज आला, "दादा, कोयता बुडवून बघितलात?"

"बघतो रे, बघतो," तात्या म्हणाले, आणि धाकूच्या कमरेचा कोयता घेऊन त्यांनी पिंपात बुडवला. घासलेला नव्हता, पण धार सकाळीच दगडावर लावलेली होती, ती चकचकत होती. वर काढला तेव्हा ती धार तांबूस झालेली मी पडवीतून बघितली.

"तांबं बसलंय!" मी म्हणाले. "तात्या, आणखी चुना हवा."

"गंज आहे तो," तात्या म्हणाले. "पावसात कोयता गंजणार नाही तर काय सोन्याचा होणार?"

"आत्ता तर धार पांढरी होती!"

धाकूने कोयता उन्हात धरून बघितला. "गंजच दिसता, बाय. पावसाल्यात सगलाच गंजता. मास्तर सांगतात ता खरा."

मी पोत्यावरून उठले, पडवीची पायरी उतरले, धाकूच्या हातातून कोयता घेतला आणि परकराच्या टोकाने धार घासली. गंज असता तर भुकटी निघाली असती. भुकटी निघाली नाही. धार लकाकली, न्हाणीघरातल्या बंबासारखी. मी ती तात्यांच्या नाकासमोर धरली. पण तात्या कोयत्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"शिवलीस?" ते म्हणाले. "या दिवसांत आगरात उतरलीस आणि हत्याराला शिवलीस?"

झालं. तांबं की गंज हा प्रश्न तिथेच संपला. काकूने मला हाताने नाही, काठीने खुणावून पडवीत चढवलं. कोयत्यावर गोमूत्र शिंपडलं गेलं. अण्णांनी आतून विचारलं, "काय झालं? कोयता कसा निघाला?" आणि तात्यांनी सांगितलं, "ठीक आहे, तू पड." मग धाकू पोफळीवर चढला, खाली पंपाची खटखट सुरू झाली, आणि तो एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झोके घेत सगळ्या आगराला ते पाणी पाजत गेला. निळे थेंब पडवीच्या कौलांवरही पडले. जिभेवर त्याची कडवट तुरट चव येत होती आणि मी तिथे पोत्यावर रडत बसले होते. दुःखाने नव्हे, संतापाने. या दोन रडण्यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

आठवड्याभरात सुपारी गळायला लागली. सकाळी आगरात पाऊल टाकलं की खाली हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा, प्रत्येकीवर करपल्यासारखा काळा डाग. आई टोपली भरून आणायची आणि खतात टाकायची. तात्या म्हणाले, कोळेरोग. मी म्हटलं, "मग पांढरी बुरशी कुठाय?" दुसऱ्या दिवशी त्यांना उत्तर सापडलं. ओटीवर चार माणसं बसलेली असताना ते म्हणाले, "त्या दिवसांत बाईच्या अंगातून एक प्रकारचं विष निघतं. वनस्पतींना ते बाधतं. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेलं आहे." चारही माणसांनी माना डोलावल्या. मी आयुष्यात पुष्कळ अडाणी माणसं पाहिली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर माझा जीव आहे. पण अडाणीपणाला पदवीची झूल घालून मिरवणारा माणूस बघितला की आजही मी तिथून उठून जाते. परवा शेजारणीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात कोट घातलेला एक गृहस्थ हेच सांगत होता, आणि त्याला लाखो लोक ऐकत होते. तात्या निदान ओटीवरच बोलत.

मग ठरलं की आगराच्या राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे प्रत्येक आगराला राखणदार असतो. आमचा म्हणजे फणसाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, घरच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याने नारळ ठेवून पदरी घ्यायची. नारळ मी ठेवायचा होता. "एकदा ही कबूल झाली," तात्या अण्णांना म्हणाले, "की मी स्वतः डी.एड.चं बघतो. असल्या उद्धट मुलीला रत्नागिरीला एकटी ठेवायची म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या धोका आहे." अण्णा काडीने प्लास्टरच्या आत खाजवत राहिले.

आईला मी स्वयंपाकघरात गाठलं. ती आठळ्या सोलत होती. म्हटलं, "आई, तू तरी सांग अण्णांना."

"त्यांनी आधी काय ठरवलंन ते मला कोण सांगतंय गो?" आई म्हणाली. "ठेव नारळ. एक नारळ ठेवलास तर तुझं काय जातंय?"

"माझं सगळंच जातंय," मी म्हटलं. आईने एकदा वर बघितलं. मग ती आठळ्या जास्तच जोरात सोलायला लागली.

त्या दुपारी मी मागच्या खोपीत गेले. मोरचूद आणि तो मेलेला चुना तिथे होताच. एका मडक्यात तात्यांसारखंच पाणी केलं आणि आईची विळी वाळूने घासून त्यात धरली. मग नुसती बघत बसले. घाई करायला मागे कुणी नव्हतं. पोलादाचा पांढरेपणा हळूहळू गुलाबी झाला, मग तांबडा. आणि पेन्सिलीच्या रेघेखालच्या त्या दोन ओळी माझ्या डोक्यात एकदम उभ्या राहिल्या. पाण्यातलं तांबं म्हणजे आपले इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं तांबं. तो निळा रंग त्याचाच. लोखंड जवळ आलं की ते लोखंडाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, पुन्हा धातू होतं आणि लोखंडाच्याच अंगावर बसतं. लोखंड ते गमावून गुपचूप पाण्यात उतरतं. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण, आणि दोन्ही एकाच वेळी, एकाशिवाय दुसरं नाही. ऑक्सिजनचा तिथे संबंधसुद्धा नाही. गंज चढतो तेव्हाही लोखंड देतंच, पण तिथे घेणारी हवा असते. म्हणजे लोखंडाने गमावलं हे तात्यांचं बरोबर होतं, आणि ते घेतलं कुणी एवढंच त्यांनी पाहिलं नव्हतं. चुना पुरेसा आणि जिवंत असला की तांबं त्याच्यात अडकून बसतं, कुणाकडून काही ओढून घ्यायला मोकळं राहत नाही. मोकळं राहिलेलं तांबं कोयत्यावर बसतं तसंच ते कोवळ्या सुपारीलाही जाळतं. आजोबांच्या कोयत्याचा अर्थ मला त्या खोपीत लागला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. पुढे वर्गात मुलांना हे शिकवताना दर वेळी मला त्या खोपीतला दमट, चुन्याचा वास यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फणसाखाली जमले. अण्णांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तात्या पांढऱ्या टोपीत, काकू, आई, धाकू आणि भिकू गुरव. भिकूला पुढे आणखी एका घरचं गाऱ्हाणं होतं, त्यामुळे त्याचं लक्ष आभाळाकडे होतं. त्याने दगडापुढे केळीचं पान मांडलं, त्यावर विडा, सुपारी, शेजारी आपली पानाची चंची आणि चुन्याची डबी. मी नारळ घेऊन उभी होते, आणि माझ्या पायाशी फडक्याखाली मडकं, घासलेली विळी, मूठभर वाळू आणि दोन आमसुलं. आईने फडक्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. विळी सकाळपासून स्वयंपाकघरात नव्हती हे तिला माहीत होतं.

भिकूने सुरू केलं. "हे राखणदारा, या आगराच्या मालका, आज तुजी लेकरं तुज्या पायाशी आली हायत रे महाराजा..."

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज तात्यांचा.

"तुजं आगर करपलं, सुपारी गलली, ता आमाला बगवत नाय रे महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"या अजान पोरीच्या हातून शिवाशिव झाली, तिची चूक तिनं पदरी घेतलीन हाय, तर तू पोटात घाल रे महाराजा..."

"नाय महाराजा," मी म्हणाले.

भिकू थांबला. इतक्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत त्याला असं उत्तर कधी मिळालं नव्हतं. तात्या टोपी सावरत पुढे आले. "विजे, नारळ ठेव आणि तोंड बंद कर!"

"बोलू दे, दादा," अण्णा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण अण्णांनी थोरल्या भावाला अडवलेलं त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे धाकूसुद्धा सावरून उभा राहिला. मी फडकं काढलं. विळी सगळ्यांना दाखवली, पांढरी लख्ख. "हे तात्यांच्याच मोरचुदाचं आणि तात्यांच्याच चुन्याचं पाणी," म्हटलं, आणि विळी मडक्यात धरली. भिकूने दोनदा आभाळाकडे बघितलं. बाहेर काढली तेव्हा ती तांबडी झालेली होती.

"तात्या, हा काय गंज आहे?"

"गंजच," तात्या म्हणाले. माघार घ्यायला जागा होती तेव्हा त्यांनी घेतली नाही.

मी आमसूल घेऊन हलक्या हाताने पातं चोळलं. तांब्याची भांडी आमच्याकडे सगळ्या बायका आमसुलाने घासतात, त्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही. पातं लालसर सोनेरी चमकलं. काकू, जिने जन्मात नवऱ्यासमोर शब्द काढला नव्हता, म्हणाली, "अगोबाई, तांबंच की!" मग मी भिकूच्या डबीतला खायचा चुना बोटभर काढला. भिकू "अगो, अगो" करत राहिला. तो मडक्यात कालवला, विळी वाळूने पुन्हा पांढरी केली आणि पुन्हा बुडवली. या वेळी ती पांढरीच निघाली. "चुना पुरला की तांबं लोखंडाला शिवत नाही," म्हटलं. "त्या दिवशी पुरला नव्हता. सुपारी तांब्याने जळली. मी शिवल्याने नाही." आणि मी अण्णांकडे वळले. "अण्णा, मला हेच शिकायला जायचंय."

तात्या म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या..." आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. मी वाट बघितली. सगळ्यांनीच बघितली. इतकी वर्षं तो शब्द त्यांना कुठेही घेऊन जायचा, त्या दिवशी तो फणसाखालीच बसला.

भिकू गुरवाला यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. त्याला नारळ हवा होता, डबीतला चुना अर्धा गेला होता आणि आभाळ भरून येत होतं. त्याने हात जोडले आणि घाईघाईने गाऱ्हाणं जागेवरच दुरुस्त केलं. "तर हे राखणदारा, ज्या कुनाच्या हातून चुना कमी पडला असल, त्याला तू सांबालून घे, आनि फुडल्या खेपेला त्याला शानपन दे रे महाराजा..."

गाऱ्हाण्याला पहिला होकार घरच्या थोरल्याने द्यायचा, अशी रीत आहे. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. धाकूनेही बघितलं, तो तर पार तोंड वासून. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, दगडाकडे बघितलं.

"व्हय महाराजा," ते म्हणाले.

"व्हय महाराजा!" आम्ही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. नारळ तात्यांनीच पुढे होऊन ठेवला, कारण मी तो त्यांच्या हातात दिला. भिकूने तो फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले, आणि पावसाच्या आधी पोचायचं म्हणून धावत सुटला. आईने विळी उचलली, पदराने पुसली आणि आत आठळ्यांकडे गेली.

अण्णा खुर्चीतच बसून होते. खोबरं खात ते म्हणाले, "दादा, दापोलीहून रत्नागिरीची गाडी किती वाजता सुटते?" गावात एस्टीच्या वेळा तात्यांनाच पाठ होत्या. विजूला कुणाबरोबर पाठवायची, वसतिगृहात कुणाला भेटायचं, हेही अण्णा विचारत होते, जणू ते सगळं कधीचंच ठरलेलं होतं.

तात्यांनी हातातलं खोबरं तोंडात टाकलं. मग म्हणाले, "साडेसात." त्या एका वाक्याआधी त्यांनी 'शास्त्रीयदृष्ट्या' म्हटलं नाही, आणि गाडी खरंच साडेसातला सुटली.